अबोल्याची खुर्ची

मुलं त्यांना कंपासबाई म्हणत. गणित शिकवतात म्हणून नव्हे. तसं असतं तर शाळेतल्या प्रत्येक गणितशिक्षकाच्या गळ्यात ते नाव पडलं असतं. बाई उंच, अंगाने काटकुळ्या, आणि चालताना असे लांब पाय टाकायच्या की एक पाय रोवून दुसऱ्याने आता वर्तुळच काढणार, असं वाटावं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी हे नाव त्यांच्या कानावर आलं. रागावायचं सोडून त्यांनी वर्गातच विचारलं, "कंपास ठीक आहे, पण पेन्सिल कुठली लावलीत रे मला?" तेव्हापासून नाव पक्कं झालं आणि त्यातला डंख तेवढा गेला.

बाईंची शिकवायची एक रीत होती आणि पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. तासाच्या सुरुवातीला त्या फळ्यावर एक गणित सोडवत आणि त्यात कुठेतरी मुद्दाम चुकत. कुठे, ते सांगत नसत. मुलं मांजरासारखी टपून बसत. "बाई, चुकलं!" अशी आरोळी उठली की ज्याने चूक पकडली त्याच्या हाती खडू जाई. यात पटाईत होती ती पहिल्या बाकावरची चष्मेवाली मुलगी. तिचा चष्मा बाईंच्या नवऱ्याच्याच दुकानातला, त्यामुळे बाई कपाळावर हात मारून म्हणत, "आमच्याच घरचा चष्मा आणि आमच्याच चुका शोधतो!" गणित म्हटलं की नाक मुरडणारी पोरं बाईंची फजिती करायला मिळते म्हणून घरून पाढे घोकून येत. मोठ्या माणसाला चूक दाखवायची परवानगी मुलांना आयुष्यात फार कमी ठिकाणी मिळते. घरी तर नावच काढू नका.

त्या काळात ज्या मुख्याध्यापिका होत्या त्यांना सगळे थोरल्या बाई म्हणत. त्यांना संत करायचं काही कारण नाही. त्यांच्याकडे फाईल गेली की ती देवाघरी गेली असं समजायचं. बैठक सकाळी ठरवून त्या दुपारी उगवायच्या, आणि रागावल्या की आवाज पार मैदानाच्या टोकाला पोचायचा. पण कुणाचं पोर तापाने फणफणलं असेल तर "तू पळ घरी, तुझा वर्ग मी बघते," म्हणून स्वतः खडू हातात घ्यायच्या. अशाच एका तासाला त्यांनी दोन नद्या एकमेकींच्या जागी नेऊन सोडल्या होत्या. पुढे आठवडाभर भूगोलाच्या बाई त्या नद्या परत आणत होत्या, पण कुरकुर कुणी केली नाही.

शिक्षकांच्या खोलीतली खुर्ची त्यांच्यापासूनच सुरू झाली. एकदा संस्थेच्या मंडळाशी त्यांचं कडाक्याचं वाजलं. त्या तरातरा शिक्षकांच्या खोलीत आल्या, वेताची एक जुनी खुर्ची ओढत खिडकीशी नेली, सगळ्यांकडे पाठ करून बसल्या आणि म्हणाल्या, "मला आत्ता कुणी काही विचारू नका." कुणीच विचारलं नाही. चित्रकलेच्या सरांची एक विजेची किटली कोपऱ्यात असे. त्यांनी चहा केला आणि एक शब्द न बोलता कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. थोरल्या बाईंनी तो बाहेर बघत सावकाश प्यायला. घंटा झाली तशा उठल्या, "चला" म्हणाल्या आणि गेल्या.

तिथून ती रीतच पडली. कुणी ती लिहिली नाही, कुणी कुणाला समजावली नाही. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाशी बोलायचं नाही, पण जो जवळ असेल त्याने चहा मात्र पोचवायचा. कुणाच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलेलं असे, कुणाचं डोकं नुसतंच दुखत असे, विचारपूस नाही, सल्ला नाही, "अगं पण झालं काय?" नाही. नाव पडलं अबोल्याची खुर्ची. घरच्या अबोल्यात राग असतो, या अबोल्यात तो नव्हता. कंपासबाईंची आई गेली तेव्हा कामावर परतल्या त्या दिवशी त्या मधली सुट्टी संपेपर्यंत तिथे बसून राहिल्या. चहा गार झाला की कुणीतरी तो उचलून गरम आणून ठेवत होतं. कोण, ते त्यांनी मागे वळून पाहिलंही नाही. पण त्या दिवशी त्यांना वाटून गेलं, की ही नोकरी आपण हातपाय चालतायत तोवर सोडायची नाही.

थोरल्या बाई निवृत्त झाल्या आणि मंडळाने बाहेरून नवे मुख्याध्यापक आणले. बाईंपेक्षा वयाने बरेच लहान, शर्टाची इस्त्री कडक, पायात आवाज न करणारे बूट, हातात फोन. शाळेला शिस्त लावा, असं सांगूनच त्यांना पाठवलं होतं. ते दिवसभर फिरत आणि दिसेल त्याचा फोटो काढत. ठिबकणारा नळ, जिन्यातला कागद, तास चालू असताना खुर्चीत टेकलेला शिक्षक. संध्याकाळी ते फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर येत, खाली एकेक ओळ. मुलांनी त्यांचं नाव फोटोसर ठेवलं. नव्याचे नऊ दिवस, म्हणून शिक्षक गप्प राहिले. नऊ दिवस सरले, फोटो काही सरेनात.

एके दिवशी सर बाईंच्या वर्गाच्या दाराशी आले ते नेमके आरोळी उठायच्या आधी. फळ्यावर सात गुणिले आठ बरोबर चोपन्न असं ठसठशीत लिहिलेलं. चष्मेवालीचा हात अर्धा वर गेलेला. दाराशी क्लिक झालं आणि सर पुढच्या वर्गाकडे गेले.

संध्याकाळी बाई स्वयंपाकघरात होत्या तेव्हा फोन वाजला. त्यांचंच अक्षर, त्यांचाच फळा, चोपन्नभोवती लाल गोल, आणि खाली ओळ: "शिक्षकांनी फळ्यावरील मजकूर तपासून लिहावा." बाईंची रीत सगळ्या शाळेला ठाऊक होती. पण ग्रुपवर कुणी चकार शब्द काढला नाही. एकाने अंगठा टाकला, एकीने नमस्काराचे हात. ज्याला त्याला आपापलं पोट असतं. बाईंनी लिहायला घेतलं, "मी मुद्दाम चुकले होते," पण ते वाक्य वाचून पाहिलं तर पकडलेल्या चोराने सांगितलेल्या सबबीसारखं दिसलं. त्यांनी ते पुसून टाकलं. गॅसवरचं दूध उतू गेलं तेही त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गणित बरोबर सोडवलं. मुलं शोधत बसली. "बाई, आज सापडतच नाही!"

"आज नाहीये."

"मग उद्या?"

बाईंनी फळा पुसायला घेतला. उद्या नव्हती, परवा नव्हती. काही दिवसांनी मुलांनी शोधायचंच सोडलं आणि फळ्यावर येईल ते मान खाली घालून उतरवून घ्यायला लागली. वर्ग गार पडला. फोटोसरांनी त्या गप्प वर्गाचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, "आदर्श". बाईंना तो लाल गोलसुद्धा लागला नव्हता तेवढं हे लागलं.

मग घरी वड्याचं तेल वांग्यावर निघायला लागलं. नवऱ्याने वर्तमानपत्र कसं दुमडलं यावरून भांडण, मुलीने दिवा चालू ठेवला यावरून भांडण. सकाळी उठताना जबडा ठणकायचा. झोपेत दात आवळले जातात असं डॉक्टर म्हणाले. मुलगी कॉलेजात जाणारी, जिभेला हाड नसलेली. एकदा जेवताना म्हणाली, "आई, तू हल्ली घरीपण फळ्यावर लिहिल्यासारखं बोलतेस. सगळं बरोबर आणि एकदम कंटाळवाणं."

नवऱ्याने ताटावरून मान वर केली. घराखालीच त्याचं चष्म्याचं दुकान. मोजकं बोलणारा माणूस, पण बायकोचा आवाज जिन्यावरून ऐकून तिचा दिवस कसा गेला ते सांगू शकणारा. "सोड की मग," तो म्हणाला. "दुकानात बस माझ्याजवळ. मी स्टूल आणतो." आणि खरंच त्याने काउंटरच्या मागे एक नवं स्टूल आणून ठेवलं. बाई त्यावर बसल्या नाहीत, पण जातायेता त्याच्याकडे बघायला लागल्या.

शाळेत वेगळीच गंमत. खुर्ची एक आणि बसणारे सगळे. जो तो आधी जाऊन ती पकडायला बघे. नाही मिळाली तर आहे तिथेच मूग गिळून बसे. चित्रकलेच्या सरांना चहा कुणाकुणाला द्यायचा ते कळेना, म्हणून त्यांनी किटलीच कपाटात ठेवून दिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसली तऱ्हा. पूर्वी त्या खोलीतल्या हसण्याने शेजारच्या वर्गाचा तास बुडायचा. आता डबे उघडल्याचे आवाज यायचे, तेवढेच.

अशात एका मधल्या सुट्टीत फोटोसर खोलीत आले. एरवी ते दारातूनच फोटो काढून पुढे जाणारे. या खोलीत बसायला कधी आले नव्हते. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, नेमकी त्या दिवशी खिडकीजवळची तेवढी रिकामी. सरांनी ती फिरवून सगळ्यांकडे तोंड केलं, बसले आणि जरा हसून म्हणाले, "काय, चाललंय ना सगळं ठीक?"

कुणी उत्तर दिलं नाही. सगळ्यांच्या माना डब्यात. सरांनी एकेकाकडे पाहिलं. मग कंपासबाईंकडे पाहिलं, बराच वेळ. काहीतरी बोलायला त्यांचं तोंड उघडलंही होतं. बाईंनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. सर उठले आणि निघून गेले.

दार बंद झालं मात्र, खोलीत हशा फुटला. "रीत म्हणजे रीत! त्या खुर्चीशी बोलायचं नाही!" कुणीतरी म्हणालं. कित्येक महिन्यांनी ती खोली हसली. बाईही हसल्या, पार डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

हसणं दाराबाहेर पोचलं आणि महागात पडलं. दुसऱ्या दिवशी सूचना निघाली, की मधल्या सुट्टीत शिक्षकांनी आपापल्या वर्गातच थांबावं. मोडकं सामान हलवायचं म्हणून शिपाई आले आणि वेताची खुर्ची उचलून घेऊन गेले. आता डबे एकट्याने खायचे. मुलं मैदानावर, बाई रिकाम्या बाकांसमोर. एका सुट्टीत घास तोंडात फिरायला लागला आणि बाईंनी ठरवून टाकलं. बस्स. हे सत्र संपलं की रामराम. अजून नोकरीची काही वर्षं हातात होती, पण त्या वर्षांचं करायचं काय? रोज बरोबर गणितं लिहून घरी जायचं?

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो "बरं" म्हणाला आणि स्टूल फडक्याने पुसायला लागला. बाईंना त्या फडक्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. पाहुण्यांच्या दोन्ही खुर्च्यांवर पुस्तकांची खोकी. सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दारामागून, फायलींचा ढीग उतरवून, एक खुर्ची पुढे ओढली. तीच. वेताची.

"बसा, बाई."

"मी उभीच बरी."

"अहो, बसा ना. उभ्याने कसं बोलणार?"

"त्या खुर्चीत बसले तर बोलताच येणार नाही, सर."

"म्हणजे?"

खरं तर बाई भांडायला आल्या होत्या. दोन वाक्यांत राजीनामा आणि तिसऱ्यात चार शब्द सुनावायचे, असा बेत होता. पण खुर्ची बघून त्यांचा सूरच बदलला. त्यांनी सगळं सांगितलं; थोरल्या बाईंचं भांडण, खिडकी, चहा, आई गेली तो दिवस. सर ऐकत राहिले. त्यांचा फोन टेबलावर दोनदा थरथरला, त्यांनी तो पालथा घातला.

"म्हणजे त्या दिवशी मी..." सर म्हणाले. "मला वाटलं तुम्ही सगळ्यांनी ठरवून माझ्यावर बहिष्कार टाकलात."

"तुम्ही आला होतात कशाला?"

सरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "तुमच्या वर्गातली ती चष्मेवाली मुलगी. तिने मला जिन्यात अडवलं. म्हणाली, सर, आमच्या बाई चुकायच्या का थांबल्या? तुम्ही रागावलात का त्यांना? मला काही कळेना. मग तिनेच सगळं सांगितलं. म्हटलं, सगळ्यांदेखत फोटो टाकला, तर सगळ्यांदेखतच बोलावं. धीर करून आलो होतो, बाई. मंडळाला रोज संध्याकाळी दाखवावं लागतं, शाळेत काय सुधारलं ते. रोज काय सुधारणार? मग मी बिघडलेलं शोधत फिरतो."

जावे त्याच्या वंशा, असं म्हणतात ते काही खोटं नाही. पण बाईंना लगेच कणव वगैरे आली नाही. त्यांना आधी स्वतःचं हसणं आठवलं, डोळ्यांत पाणी आणणारं. रीत पाळली म्हणून आपण मोकळे झालो होतो. कसली रीत!

"सर, एक राहिलं सांगायचं," त्या म्हणाल्या. "आम्ही रीत पाळलीच नाही. पाळली असती तर चहा दिला असता. त्या दिवशी तुम्हाला कुणी चहा दिला नाही. आम्ही घाबरून गप्प बसलो. आणि थोडं सूड म्हणूनही."

सरांनी मान हलवली. "आणि तुम्ही आज कशासाठी आला होतात?" त्यांनी विचारलं.

"नोकरी सोडते म्हणून सांगायला."

"मग?"

"माझा तास आहे," बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. आपण नोकरी सोडली की नाही, हे जिना उतरताना त्यांचं त्यांनाच कळेना.

पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीची सूचना मागे घेतली गेली. कारण काही लिहिलं नव्हतं. वेताची खुर्ची परत खिडकीशी आली. ग्रुपवरचे फोटो एकदम थांबले असं नाही, पण आता नळाचे आणि जिन्याचे येत, माणसांचे येत नसत. शिक्षकांचा विश्वास बसेना. "मांजर डोळे मिटून बसलंय," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. बाईंनीही कुणाला काही सांगितलं नाही. वर्गात त्या अजून बरोबरच गणितं लिहीत होत्या. हात सवयीने बरोबरच लिहायचा, त्याला काय करणार? आणि दुकानातलं स्टूल तसंच होतं.

मग मंडळाची बैठक झाली. सकाळपासून मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार बंद होतं आणि आतले आवाज बाहेर येत होते. त्यांत सरांचा आवाज सगळ्यांत कमी होता. मधल्या सुट्टीत सर शिक्षकांच्या खोलीत आले. चेहरा उतरलेला, शर्टाची इस्त्री तेवढी जागच्या जागी. या वेळी इतर खुर्च्याही रिकाम्या होत्या. ते सरळ खिडकीपाशी गेले, वेताच्या खुर्चीत बसले आणि सगळ्यांकडे पाठ केली.

भूगोलाच्या बाईंच्या ओठांवर पुन्हा ते त्या दिवशीचं हसू यायला लागलं होतं. कंपासबाई उठल्या. कपाट उघडलं, किटली काढली, चित्रकलेच्या सरांकडे पाहिलं. त्यांनी मुकाट्याने साखरेचा डबा पुढे केला. पाणी उकळेस्तोवर कुणी काही बोललं नाही. बाईंनी कप नेऊन कट्ट्यावर ठेवला आणि परत आपल्या जागी येऊन डबा उघडला. सरांनी कप उचलला. बाहेर बघत सावकाश प्यायला.

घंटा झाली. बाई वर्गात गेल्या, खडू घेतला आणि फळ्यावर लांबलचक गणित सोडवायला लागल्या. मध्ये एका ओळीत त्यांनी लिहिलं, सात गुणिले आठ बरोबर चोपन्न. पाठ मुलांकडे ठेवूनच त्या थांबल्या.

काहीच झालं नाही. पेनं कागदावर चालत होती. बाई वळल्या. सगळ्या माना खाली, सगळे चोपन्न उतरवून घेतायत. चष्मेवालीने मात्र मान वर केली होती. ती फळ्याकडे बघत होती, मग दाराकडे, मग पुन्हा फळ्याकडे. तिला चूक दिसली होती. तोंड मिटूनच होतं. ही तऱ्हा बाईंनी ओळखली. डब्यात मान घालून बसलेल्या शिक्षकांनी जे केलं होतं, नेमकं तेच हे पोर करत होतं. आणि ते तिला शिकवलं कुणी? फोटोसरांनी नाही. सर तर या वर्गात कधी उभेसुद्धा राहिले नव्हते, दारातूनच गेले होते. इतके दिवस खडू हातात घेऊन ते आपणच शिकवलं. बाईंना रडू यायचंच बाकी राहिलं.

त्यांनी जाऊन वर्गाचं दार लोटलं. परत येऊन चष्मेवालीच्या बाकापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय गं, आमच्या घरचा चष्मा बिघडला की काय?"

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. मग अगदी हळू, बाकावरच्या शेजारच्यालाही ऐकू जाईल न जाईल असं, ती म्हणाली, "बाई, चुकलं."

"काय? ऐकू नाही आलं."

"बाई, चुकलं!"

आणि मग सगळा वर्ग उठला.

त्या संध्याकाळी बाई जिना चढत होत्या. पायऱ्यांवरूनच त्या वर मुलीला ओरडून सांगत होत्या, की दिवा चालू राहिलाय, वीज काय तुझा बाप बनवतो का, आणि सांगता सांगता हसत होत्या. खाली दुकानात नवऱ्याने एक चष्मा पुसता पुसता ते ऐकलं. चष्मा खाली ठेवला, काउंटरमागचं स्टूल उचललं आणि गिऱ्हाइकांना बसायला पुढे नेऊन ठेवलं.